पिशवी, उचल आणि साखरेचा भाव

फिर्यादी : नफ्यावर चालणारा समाज माणसाला आजारी पाडतो, असं मी म्हटलं की तुम्ही लगेच विचारता, कुठला समाज, कुठला माणूस, कुठला आजार. म्हणून आज हवेत बोलत नाही. बीड जिल्हा घ्या. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, विधान परिषदेत प्रश्न निघाला, तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा.

हे घडतं कसं ते बघा. दसरा झाला की नवरा-बायको घर सोडतात. हिशेबात दोघं मिळून एक कोयता. मुकादमाने त्या कोयत्याला आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते आणि ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात उन्हाळ्यातच संपलेली असते. आता ती अंगमेहनतीने फेडायची. पहाटे चारला फडात जायचं. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. मग अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. हंगाम संपल्यावर खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, असं सांगतात. मुलं झालेली असतात, नसबंदीही झालेली असते. बाई म्हणते, नाहीतरी तिचं आता काय काम? ऑपरेशनचे तीस-पस्तीस हजार मुकादम देतो आणि पुढच्या उचलीत मिळवतो. कारखान्याला ऊस वेळेवर पोचला, मुकादमाचा कोयता पुढच्या वर्षासाठी बांधला गेला, दवाखान्याला शस्त्रक्रिया मिळाली. यांतल्या एकानेही तिचं वाईट चिंतलेलं नाही. प्रत्येकाने फक्त आपापला फायदा पाहिला, आणि तेवढं पुरलं.

हिशेबनीस : तुमच्या आकड्यांपासून सुरुवात करू, कारण राग आला की आपण आकडे घाईने मांडतो. देशाची सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास आहे, हे सगळे सांगतात. ती सरासरी पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांची आहे. त्यात कोवळ्या मुलीही येतात, ज्यांच्यावर अशी शस्त्रक्रिया सहसा होतच नाही. फडात राबणाऱ्या विवाहित बायकांशी तिची तुलना सरळ होत नाही. सतरा टक्के भयंकरच, पण पाच-सहापट म्हणण्याआधी थांबायला हवं.

दुसरं, आंध्र प्रदेशात हे प्रमाण राष्ट्रीय पाहणीतच नऊ टक्क्यांच्या आसपास दिसलं. त्या सगळ्या बायका काही ऊसतोडीला जात नाहीत. राजस्थानातल्या दौसामधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या तक्रारींचाही उसाशी संबंध नव्हता. मग उसाचा फड हे कारण कसं?

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. आजार खोटा नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. म्हणजे दवाखान्यात आलेली बाई दुखणं घेऊनच येते. कुणाला गाठी असतात, कुणाला रक्तस्राव थांबत नाही, ओझी उचलून कुणाचं अंग बाहेर आलेलं असतं. त्या १३,८६१ मधल्या किती शस्त्रक्रिया खरोखर लागत होत्या, ते एकेका बाईचे कागद तपासल्याशिवाय कळणार नाही. सगळ्या डॉक्टरांना एका दोरीत बांधून तुम्ही फिर्याद गुदरता. मला त्यातल्या एकाची बाजू घ्यायची नाही, पण पुरावा म्हणून हे कोर्टात टिकणार नाही.

फिर्यादी : गडचिरोलीचा अभ्यास तुम्ही काढलात ते बरं झालं, तो माझा साक्षीदार आहे. त्या ६५० बायकांपैकी आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. आणि सापडलेल्या आजारांत मोठा भाग संसर्गाचा होता, औषधाने बरा होण्यासारखा. आता दोन्ही जिल्हे शेजारी ठेवा. गडचिरोलीतल्या बाईच्या दुखण्यात कुणाला पैसा दिसला नाही, म्हणून ते कुणी पाहिलंच नाही. बीडमधल्या बाईच्या दुखण्यात पैसा दिसला, म्हणून तिचा अवयव काढला. दुर्लक्ष आणि अतिरेक ही दोन वेगळी दुखणी वाटतात. दोन्ही ठिकाणी बाईकडे पाहायचं की नाही हे पैशाने ठरवलं. गोळ्यांचा एक कोर्स, नवऱ्याचेही उपचार, आठ दिवस विश्रांती, स्वच्छ पाणी, यांत दवाखान्याला सुटतात काही शे रुपये. शस्त्रक्रियेत सुटतात हजारो. डॉक्टर कितीही भला असो, रोज सकाळी हा उतार त्याच्या पायाखाली असतो. अरुण गद्रे आणि अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर पुस्तक लिहिलं. जे बोलले ते स्वतः डॉक्टर होते, फिर्यादी नव्हते.

आंध्र, दौसा म्हणता, तर हो, ऊस हे कारण नाही. लवकर लग्न, लवकर नसबंदी, जवळ सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही आणि कोपऱ्यावर खासगी ऑपरेशन थिएटर, एवढं जिथे जमतं तिथे हेच होतं. ऊसतोडीने त्यात भर घातली ती खाड्याची. इतर ठिकाणी बाईला दुखणं घालवायचं असतं. इथे पाळीच घालवावीशी वाटते, कारण पाळी म्हणजे बुडालेली रोजी.

हिशेबनीस : ठीक. आता तुमच्या मुख्य आरोपावर येतो. तुम्ही नफ्याला आरोपी केलंय. मी दोन साक्षी काढतो.

पहिली साक्ष बिहार-छत्तीसगडची. २००८ मध्ये केंद्राने गरिबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंतचे उपचार, हातात कार्ड, खिशातून काही नाही. हेतू कल्याणाचा, पैसा सरकारचा. आणि समस्तीपूरपासून छत्तीसगडपर्यंत काय झालं? त्याच कार्डावर गर्भाशयं काढली गेली. राजस्थान, बिहार, छत्तीसगडच्या प्रकरणांवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. निकाल यायला एप्रिल २०२३ उजाडलं. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा तो निकाल. म्हणजे गरिबाच्या खिशातला पैसा बाजूला केला तरी रोग तसाच.

दुसरी साक्ष आपल्या घरची. ज्या साखरेसाठी ही बाई राबते ती साखर महाराष्ट्राने भांडवलदाराच्या हातातून काढून घेतली होती. १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो कारखाना उभा केला त्याचा मालक शेतकरी होता. एका सभासदाला एक मत. नफा वाटून कोणी शेठ गब्बर होणार नव्हता. त्या पैशातून शाळा, महाविद्यालयं, रुग्णालय निघालं. सहकाराचा इतका मोठा प्रयोग देशात क्वचितच झाला. आणि त्या सहकारी कारखान्यांच्या फडातही कोपीला संडास नव्हता! आता गाळप करणाऱ्या दोनशेच्या आसपास कारखान्यांत निम्मे खासगी झालेत, पण कोपी दोन्हीकडे तीच. नफ्याचा कारखाना आणि बिननफ्याचा कारखाना यांत या बाईला फरक कळत नसेल, तर नफा हे कारण कसं ठरतं?

आणि नफ्याने माणसं वाचवल्याचंही सांगून टाकतो. २००१ मध्ये एड्सवरची औषधं आफ्रिकेला दिवसाला एक डॉलरहून कमी भावात देऊ केली ती मुंबईच्या सिप्लाने. ती धर्मादाय संस्था नव्हती.

फिर्यादी : सिप्लाचं कौतुक मलाही आहे. पण ते शक्य झालं १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, अशी तरतूद होती, म्हणून इथल्या कंपन्या तेच औषध दुसऱ्या रीतीने स्वस्त बनवू शकल्या. तिथे कायद्याने नफ्याला वेसण घातली होती. मी बैल मारून टाका म्हणत नाही, वेसण कुठे आहे ते विचारते.

विमा योजनेचं पाहू. सरकारने पैसा दिला, पण कशावर दिला? किती बाया बऱ्या झाल्या यावर दिला नाही, किती शस्त्रक्रिया झाल्या यावर दिला. नफ्याची मोजपट्टी तीच ठेवली आणि थैली मात्र सरकारची. उलट आधी बाईला पैसे उभे करावे लागत, तेवढी तरी अडचण होती. तीही गेली.

प्रवरेचा मुद्दा मला झोंबला, हे कबूल करते. सहकारात मालक शेतकरी झाला. तोडणारा कधी सभासद झाला नाही, होऊही शकला नाही, कारण सभासद व्हायला ऊस लागतो आणि त्याच्याकडे पाणीच नाही. राज्याच्या लागवडीपैकी चारेक टक्के जमिनीवर ऊस उभा असतो आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा तो पितो. ज्याच्या शिवारात पाणी आलं तो सभासद, ज्याच्या शिवारात नाही आलं तो कोयता. त्या कारखान्यांनी रुग्णालयं काढली हे खरंच, आणि त्यांच्या परिसरातच कोपी उभी राहिली हेही खरं. सभासदांपुरता सहकार, बाकीच्यांसाठी बाजार, असा तो व्यवहार झाला. शेतकऱ्याला उसाचा भाव जास्त हवा, कारखान्याला साखर स्वस्तात पाडायची, आणि दोघांमध्ये जे ताणलं गेलं ते तोडणीच्या दरात वसूल झालं. नफा म्हणजे शेठची तिजोरी असं मी समजत होते. आता म्हणेन, आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची मुभा.

हिशेबनीस : ही व्याख्या चांगली आहे, पण ती तुमच्या हातून निसटेल, सांभाळा. खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं हे नफ्याच्या आधीचं आहे. जात तेच करत होती. सासर तेच करतं. उसाच्या फडात नवरा तोडतो, बायको तोडते, दोघं सारखे राबतात. पहाटे तीनला उठून भाकरी कोण थापतं? मुलाला कुशीत घेऊन कोण झोपतं? ट्रक भरून आल्यावर चूल कोण पेटवतं? त्यात कुठला कारखाना आला? बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या घरांत मुलगीच नको असते त्या घरांत तिच्या गर्भाशयाची किंमत काय असणार, हे वेगळं सांगायला हवं का? नफा आला नसता तरी ही बाई सुखी नव्हती. नफ्याने फार तर जुन्या अन्यायाला नवं बिल लावलं.

आणि तिला विचारलंत का? शस्त्रक्रियेनंतर 'सुटले' म्हणणाऱ्या बायका कमी नाहीत. दर महिन्याची कटकट गेली, खाडा गेला. तुम्ही शहरात बसून त्याला लूट म्हणता, ती त्याला सुटका म्हणते. उचलीचंही तेच. पन्नास हजार, लाख रुपये एकरकमी, तारण नाही, कागदपत्रं नाहीत. कुठली बँक देते? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने तो इथूनच उचलला. पण हमीवर आधी काम, मग मोजमाप, मग केव्हातरी पैसा. लग्न तर याच वैशाखात असतं. मुकादम वाईट असेल, पण अडीनडीला दारात उभा राहणारा तोच. त्याला हाकला, आणि मग? कारखान्याकडे आता उत्तर तयार आहे. तोडणी यंत्र येतंय, सरकार त्याला अनुदान देतंय. यंत्राला पाळी येत नाही, यंत्र उचल मागत नाही. एकाही बाईचं गर्भाशय जाणार नाही आणि एकाही बाईला मजुरी मिळणार नाही.

फिर्यादी : 'सुटले' हा शब्द मी ऐकलेला आहे. पण कशातून सुटले? पाळीतून नव्हे. आडोसा नसलेल्या पाळीतून. कोपीशेजारी बंद दाराचा संडास, पाण्याची टाकी, महिन्याचे दोन दिवस बिनखाड्याचे, एवढं असतं तर त्यांतल्या किती जणींनी पोट चिरून घेतलं असतं? ज्या गोष्टी काही हजार रुपयांत झाल्या असत्या त्या कुणी केल्या नाहीत, म्हणून तिने स्वतःच्या शरीरात दुरुस्ती करून घेतली. निवड तिची आहे, पण समोरचे पर्याय दुसऱ्यांनी मांडलेले.

आणि सुटकेचं पुढचं पान कुणी वाचत नाही. पुष्कळदा गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढतात. मग तिशीत रजोनिवृत्ती येते. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, मन उदास राहतं, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. जड उचलू नका असं डॉक्टर सांगतात आणि दसऱ्याला ती पुन्हा मोळी उचलते, कारण ऑपरेशनचे पैसेच उचलीत मिळालेले असतात. याला सुख म्हणायचं असेल तर म्हणा.

बरं, हे सगळं सोसून बाहेर काय पडतं? साखर. तिच्या दुसऱ्या टोकालाही बघू या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबऱ्यावर. मधुमेहाला साखर एकटी कारण नाही, बैठं जिणं आहे, पांढरा भात-मैदा आहे, अनुवंश आहे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण आजची साखर निम्म्याहून जास्त घरातल्या डब्यात येतच नाही. ती बिस्किटांत, शीतपेयांत, मिठाईत, सॉसमध्ये जाते, जिथे किती खाल्ली ते खाणाऱ्याला कळत नाही. चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडे पाकिटांच्या नियमांच्या २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे सुचवले, हॉटेलला देतात तसे. मग मधुमेह झाला की गोळ्या, पट्ट्या, इन्सुलिन, डायलिसिस. प्रत्येक पायरीवर कुणाचा तरी धंदा वाढतो आणि राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. बीडच्या बाईची शस्त्रक्रियाही त्या उत्पन्नात धरलेली आहे. तिचं दुखणं राष्ट्राला खर्च म्हणून दिसतच नाही, उत्पन्न म्हणून दिसतं.

हिशेबनीस : खाणाऱ्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी ही काही शीतपेय कंपनीने शिकवलेली नाहीत. गोड खाणं हा माणसाच्या थोड्याफार सुखांतला एक भाग आहे आणि तुम्ही तोही हिशेबात घेतला पाहिजे. लहान मुलांच्या पाकिटावर इशारा छापा, त्यावर माझं भांडण नाही.

पण दोन्ही टोकं एकाच फिर्यादीत बांधलीत, तिथे गाठ बसते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे लोकांनी साखर कमी खाल्ली तर ऊस कमी होईल. ऊस कमी झाला की पहिला बळी कोण? कारखानदार नाही, त्याने इथेनॉल सुरू केलंय. सभासद नाही, त्याला केंद्राने उसाचा किमान दर बांधून दिलाय, २०२४-२५ ला टनाला ३,४०० रुपये. पहिली बेकार होईल ती बीडमधल्या धारूर-वडवणीची, पाटोदा-शिरूरची तुमची बाई. खाणाऱ्याचं आरोग्य आणि तोडणाऱ्याची भाकरी समोरासमोर उभी आहे. सांगा, कुणाला निवडता?

शिवाय साखर स्वस्त ठेवतो कोण? २०१९ मध्ये कारखान्याच्या दारातला किमान विक्री दर ३१ रुपये किलो ठरला आणि पुढे कित्येक वर्षं सरकारने तो वाढवला नाही. भाव चढू लागला की सरकार निर्यात थांबवतं, कारण साखर महागली की मतदार चिडतो. तो मतदार तुम्ही-मी आहोत. कारखान्याच्या नफ्याला शिव्या देणं सोपं आहे. आपल्या स्वस्ताईला शिव्या कोण देणार?

(माझं मत कुणी विचारलं तर मी फिर्यादीच्या बाजूला आहे. पण खाणारा आणि तोडणारी यांच्यातल्या या पेचावर मलाही साधं उत्तर सापडलेलं नाही. तिलाही ते पूर्ण सापडलं नाही, हे पुढे दिसेलच.)

फिर्यादी : कुणाला निवडता या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. तो प्रश्नच खाणाऱ्याला आणि तोडणारीला झुंजवून मधल्यांना मोकळं सोडतो. स्वस्ताईची जबाबदारी मात्र घेते. मग तुमच्याच पद्धतीने हिशेब करते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. नवरा-बायकोने दिवसात दोन टन तोडला तर दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे, कितीही तास लागोत. एका टनातून सव्वादहा टक्के उताऱ्याने शंभर किलोवर साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेत तोडणीची मजुरी पडते साडेतीन रुपये. ती दुप्पट केली आणि सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला तरी साखर किलोला साडेतीन रुपयांनी महागेल. माणशी वर्षाला वीस किलो धरली तर सत्तर रुपये. मधुमेहाच्या गोळ्यांची एक पट्टी धरा. साखर थोडी महागली तर खाणाऱ्याचंही बिघडणार नाही. तुमच्या पेचातला अर्धा भाग इथेच सुटतो.

हिशेबनीस : आकडा बरोबर आहे. मीही तो करून पाहिला होता. उरलेला अर्धा भाग असा की ते साडेतीन रुपये तिच्यापर्यंत पोचणार कसे? २०२४ मध्ये दर वाढला. खाडा बंद झाला का? मुकादमाला मजुरीवर वीसेक टक्के कमिशन आहे, दर वाढला की तेही वाढतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ झालं, त्यासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्याने भरायचे ठरले. हजार लाख टन गाळप झालं की शंभर कोटी होतात. ऐकायला मोठी रक्कम, साखरेच्या किलोमागे दहा पैसे. तेवढ्यातही वसतिगृहं, विमा, आरोग्य तपासणी बरंच करता येतं. पण लाभ द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कामगार कोण आणि तो कोणाचा? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने लिहून ठेवलं होतं की पाणी, संडास, प्रथमोपचार कंत्राटदाराने दिले नाहीत तर मूळ मालकाने द्यायचे. कारखाना म्हणतो, मी मालक नाही, माझा करार तोडणी-वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तरी कोण, मीही त्यांच्यातलाच. शेवटी या बाईचा मालक कुणीच नाही, आणि काम मात्र सगळ्यांचं.

फिर्यादी : मग तिथेच बोट ठेवा ना! शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्या, असा आदेश बीडमध्ये निघाला. चांगलं झालं. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की तो आदेश संपतो, आणि दवाखान्याच्या दारात उभं राहून थांबवणं म्हणजे फडातली सहा महिन्यांची कहाणी घडू देऊन शेवटचं वाक्य खोडणं. कारखान्याला गाळपाचा परवाना दर वर्षी लागतो. त्या परवान्याला अट घाला. जितके कोयते तितक्यांची नावं, जिथे कोप्या तिथे संडास, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा नाही.

हिशेबनीस : अट घालता येईल, आणि ती घालावी असं मीही लिहून द्यायला तयार आहे. पण 'जितके कोयते तितक्यांची नावं' म्हणालात, तिथे अडाल. कोयता एक आणि माणसं दोन. मजुरी कोयत्याची होते, रोख मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात जाते. तुमचा सगळा राग कारखान्यावर आहे, पण तिच्या घामाचा पहिला हिशेब घरातच चुकवला जातो, आणि घराला कुठला परवाना लागत नाही.

फिर्यादी : घराला लागत नाही, उचलीला लावता येईल. एका कोयत्याला दोन सह्या. दोन खाती, निम्मी-निम्मी मजुरी. नफ्याशी भांडायचं तर आधी तिचं नाव हिशेबात यायला हवं, इथवर तुम्ही मला आणलंत. पण ते नाव इतकी वर्षं बाहेर ठेवण्यात कुणाची बचत होत होती, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

हिशेबनीस : सगळ्यांची. माझी आणि तुमचीही. आज मात्र उचलीच्या कागदावर सही असते ती नवऱ्याची. त्या कागदावर तिचं नाव नसतं.